टिकल्या महाग झाल्या तेव्हा

माझी बायको रायफल चालवते. शिकारीला जात नाही, आणि चोराचिलटाच्या भीतीने घरात बंदूक ठेवलीय असंही नाही. जमिनीवर पालथं पडायचं आणि सहाशे यार्डांवरच्या कागदी निशाण्याच्या मध्यभागी गोळी मारायची, एवढाच तिचा खेळ. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या आमच्या मराठी मंडळींत हे पहिल्यांदा कळलं तेव्हा लोक आधी हसले आणि मग माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागले. "जपून राहा रे बाबा," असं मला अजूनही अधूनमधून कोणीतरी म्हणतं.

ती मूळची नागपूरची. कॉलेजात एनसीसीत होती आणि तिथे छोट्या रायफलीवर तिने राज्यपातळीवरचं पदक मिळवलं होतं. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी हे आम्हाला सांगितलंच नाही. मुलाकडचे लोक घाबरतील असं त्यांना वाटलं असावं. पुढे आम्ही इकडे आलो. मी गाड्यांच्या ब्रेकच्या डिझाइनमध्ये शिरलो, ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली, मुलगी झाली, आणि त्या पदकाचा विषय घरात कधी निघालाच नाही. मुलगी शिकून नोकरीसाठी दूर बेलव्ह्यूला गेली. त्याच वर्षी लॅबमधल्या एका मैत्रिणीने हिला तिच्या नेमबाजीच्या क्लबात खुल्या दिवसाला नेलं. गंमत म्हणून मीही गेलो.

तिथे कोणीही येऊन चार गोळ्या मारून बघू शकत होतं. हिची पाळी आली. ती चटईवर पालथी पडली, कोपर कुठे टेकायचं ते दोनदा बदलून पाहिलं, आणि मग इतकी स्थिर झाली की ती श्वास घेतेय की नाही असं मला वाटलं. गोळ्या झाल्यावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शिक्षकाने दुर्बिणीतून निशाण्याकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, हे तुम्ही आधी कुठे केलंय?"

"खूप वर्षांपूर्वी. दुसऱ्या देशात," ती म्हणाली.

घरी आल्यावर चहा टाकता टाकता ती म्हणाली, "अहो, माझ्या डोक्याला काहीच आठवत नव्हतं. पण पालथी पडले न, तर खांद्याला सारं आठवलं."

तो म्हातारा शिक्षक म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेला संगीताचा मास्तर. आयुष्यभर त्याने मुलांचा बँड बसवला होता, म्हणून आम्ही घरात त्याला बँडमास्तर म्हणायला लागलो. हिने क्लबाची सदस्य होऊन रायफल घेतली, आणि दुकानातली तयार काडतुसं किती महाग पडतात हे पहिल्याच हिवाळ्यात तिच्या लक्षात आलं. तिने बँडमास्तरला विचारलं, तुम्हाला हे कसं परवडतं? तो हसला आणि म्हणाला, "शनिवारी माझ्या तळघरात या."

त्याच्या तळघरात एक जाड लाकडी बाक होता आणि बाकाला घट्ट बसवलेलं, लांब दांड्याचं एक लोखंडी यंत्र. तिथे ती काडतूस भरायला शिकली. गोळी झाडली की पितळेची पुंगळी उरते. ती फेकायची नाही. साफ करून, मूळ आकारात आणून पुन्हा वापरायची. तिच्या बुडाशी एक इवलीशी धातूची वाटी बसते, ठिणगी पाडणारी. तिला इकडे प्रायमर म्हणतात. आत मोजून बंदुकीची दारू भरायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची. म्हणजे पितळ सोडलं तर तीन वस्तू दर वेळी विकत घ्याव्या लागतात. प्रायमर बघितल्याबरोबर ही म्हणाली, "अहो, ही तर टिकली." दिवाळीत पोरं पिस्तुलात घालून फोडतात ती टिकली. तेव्हापासून आमच्या घरात प्रायमरला टिकलीच म्हणतात.

"यात पैसे वाचतात का?" मी बँडमास्तरला विचारलं होतं.

"अजिबात नाही," तो म्हणाला. "पैसे तेवढेच जातात. फक्त गोळ्या दुप्पट मारता येतात."

आणि मग त्याने महागाईचं आपलं नेहमीचं रडगाणं गायलं. म्हणे, मी हे सुरू केलं तेव्हा टिकल्यांची डबी एका कप कॉफीपेक्षा स्वस्त होती. दारूचा डबा तर दुकानदार शिशाच्या गोळ्यांबरोबर जवळजवळ फुकटच द्यायचा. आता बघा, लूट चाललीय. त्याची बायको वरून जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "गेली चाळीस वर्षं मी हेच ऐकतेय. दर वर्षी तो म्हणतो, यापेक्षा महाग आता काही होणार नाही."

तिला मी या लिखाणात मास्तरीणबाई म्हणतो. उंच, काटक, पांढऱ्या केसांचा आखूड बॉब केलेली. बंदुकांचा तिला मनापासून कंटाळा होता आणि ती तो लपवतही नसे. पण शनिवारी ही गेली की वरून कॉफी आणि दालचिनीची बिस्किटं घेऊन खाली यायची.

आमची पहिली काही वर्षं अशीच सुखात गेली. आमच्या तळघरातही एक बाक आला, एक यंत्र आलं. मी डेट्रॉइटच्या ट्रॅफिकमधून वैतागून घरी यायचो तर खालून त्या दांड्याचा सावकाश, एका लयीतला आवाज येत असायचा. तेव्हाही भाव चढत होते. पण पेट्रोलचे, दुधाचे, घरांचे चढतात तसे. लोक कुरकुरायचे आणि घ्यायचे.

मग कोविड आला आणि सगळं जग घरात बसलं. टॉयलेट पेपर गायब झाला, ते सगळ्यांना आठवतं. टिकल्या गायब झाल्या, हे फक्त आमच्यासारख्यांना. त्या उन्हाळ्यात असंख्य लोकांनी घाबरून आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. कारखान्यांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या टिकल्या तयार काडतुसांना लावल्या, सुट्या विकायला काही उरलं नाही. हायवेजवळच्या ज्या दुकानातून ही माल घ्यायची तिथली ती सबंध भिंत रिकामी झाली. ओकंबोकं दिसू नये म्हणून दुकानदाराने तिथे मासे पकडायचे गळ लावून ठेवले. कधी माल आलाच, तर माणशी एक डबी, आणि ती पूर्वीच्या तिप्पट भावात. गोळ्यांवर चढवतात ते तांबं महागलं. ते जरा सावरतंय तोवर तिकडे युरोपात युद्ध सुरू झालं, आणि तिथल्या तोफांना लागणारा कच्चा माल आणि हिच्या डब्यातली दारू एकाच मुळाची निघाली. मग दारूही दुप्पट झाली. पूर्वी क्लबात पितळी पुंगळ्या मागे टाकून जाणारे लोक आता गुडघ्यावर बसून गवतातून त्या वेचायला लागले.

त्याच सुमाराला एक गंमत झाली. मंडळाचा गणपती होता. मी हॉलच्या दाराशी उभा राहून फोनवर एका क्लबमित्राला म्हणत होतो. तो पुण्याचा, त्यामुळे आमचा हा टिकलीचा शब्द त्यालाही ठाऊक. "टिकल्या कुठेच नाहीत यार. काल दोन तास ड्राइव्ह करून ओहायोत गेलो, तिथेही नाहीत. बायको अगदी हवालदिल झालीय." बाजूला आमच्या मंडळातल्या एक ज्येष्ठ काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. पुढच्याच आठवड्यात त्या घरी आल्या आणि हिच्या हातात लाल, मरून, हिरव्या टिकल्यांची भली मोठी पाकिटं ठेवली. "अगं, मला सांगायचंस ना. माझ्याकडे दोन वर्षांचा साठा असतो. इंडियातून आणते मी."

मला हसू आवरेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. ही मात्र जराही हसली नाही. "काकू, तुमचे खूप उपकार झाले," म्हणाली, आणि त्यातली एक मरून टिकली तिथेच आरशात बघून लावली. नंतर मी विचारलं, खरं का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "दोन बसा बदलून आल्या होत्या त्या माझ्यासाठी. काहून सांगायचं?"

क्लबातले बाकीचे लोक एक तर डब्यांवरून भांडत होते, नाही तर खेळ सोडून देत होते. क्लबातल्या कितीतरी जणांनी रायफली कपाटात ठेवल्या आणि गोल्फ धरला. हिने दोन्ही केलं नाही. तिने मारायच्या गोळ्या कमी केल्या आणि सराव वाढवला. रोज संध्याकाळी, कुकर लावला की, ती तळघरात जायची, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, चटईवर पालथी पडायची आणि समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या एका काळ्या ठिपक्यावर नेम धरायची. घोडा दाबायचा, बारीकसा खट् आवाज व्हायचा. पुन्हा खांदा, पुन्हा श्वास, पुन्हा खट्. मी जिन्यावर बसून बघत राहायचो.

"कंटाळा येत नाही का गं तुला? काही उडत नाही, कुठे काही लागत नाही."

"उडालं की मन तिकडे जातं, लागलं की नाही बघायला," ती म्हणाली. "इथे बघायला काही नाही, म्हणून माझा हात काय करतो ते दिसतं."

हे तिने बँडमास्तरला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. ट्रॉम्बोन वाजवणारी पोरं तो अशीच तयार करायचा म्हणे, आधी नुसत्या फुंकेवर, वाद्य बाजूला ठेवून. आता रविवारी क्लबात ही पूर्वीच्या एक तृतीयांश गोळ्या न्यायची. पण प्रत्येक गोळीआधी वारा कसा वाहतोय ते इतका वेळ बघायची की शेजारचे लोक संपवून कॉफी प्यायला निघून जायचे. आणि खरं सांगतो, तिचे गुण वाढले. ज्या वर्षी तिने सगळ्यांत कमी गोळ्या मारल्या, त्या वर्षी ती सगळ्यांत चांगली खेळली. मी आयुष्यभर इंजिनिअर राहिलो, कमी सामानात चांगलं काम काढण्यावर मी मोठमोठ्या मीटिंगांत बसलोय. ते घडताना मात्र मी आमच्या तळघरातच बघितलं.

मग एका हिवाळ्यात बँडमास्तर गेला. अंगणातला बर्फ काढून घरात आला, खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. त्याच्या शेवटच्या निरोपाला शाळेचे जुने विद्यार्थी आपापली वाद्यं घेऊन आले होते. कित्येकांचे केस पांढरे झालेले, तरी बँडच्या रांगेत ते शाळेतल्यासारखेच उभे राहिले. ही त्या दिवशी फार रडली. नागपूर सोडल्यानंतर तिला काही शिकवणारा तोच एक माणूस होता.

वसंतात मास्तरीणबाईंचा फोन आला. घर विकायचं होतं. त्या मुलाकडे राहायला जाणार होत्या, आणि तळघरातलं सामान तिथे नेण्यासारखं नव्हतं. "तो म्हणायचा, पहिला हक्क तुझा," त्या हिला म्हणाल्या. "एकदा येऊन बघून जा."

आम्ही गेलो. त्या तळघराची मागची खोली आम्ही कधी पाहिलीच नव्हती. भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर डबे, खोकी, टिकल्यांच्या चपट्या डब्या. चाळीस-पन्नास वर्षांचा साठा, सगळा नीट लावलेला. प्रत्येक डबीवर त्या त्या दुकानाचं किमतीचं चिटोरं तसंच होतं. ही एकेका डबीपुढे थांबून ते वाचत गेली. खालच्या फळीवर सेंटमधल्या किमती, पिवळी पडलेली, कोपरे उडालेली चिटोरी, त्यावर आता बंद पडलेल्या दुकानांची नावं. वरच्या फळीवर डॉलर. आणखी वर दोन डॉलर, मग तीन. तो दर वर्षी करायचा ती तक्रार खरी होती. आम्हालाच ती जुनी वाटायची.

"सगळं घेऊन जा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चिटोऱ्यावर जे लिहिलंय ते दे. त्याने तेवढेच दिले होते, मला त्यापेक्षा जास्त नको. शेजारच्या गावातला एक माणूस फोन करतोय, सगळ्याचे मिळून यापेक्षा थोडे जास्त देतो म्हणतो. पण मला तो आवाज आवडला नाही."

ही जिन्याच्या पायरीवर बसली आणि मास्तरीणबाईंना म्हणाली, "तुम्ही पण जरा बसा."

त्या बसल्या. हिने हातात एक डबी घेतली. "यावर ही किंमत लिहिलीय. आज दुकानात ही मिळत नाही, आणि मिळालीच तर याच्या चौपट पैसे पडतात. खालच्या फळीवरच्या जुन्या डब्यांचं तर मला सांगताही येणार नाही किती पट. तुम्ही चिटोऱ्याच्या भावात विकलंत तर तुमचं फार नुकसान होईल. मला विकलंत तरी होईल."

मास्तरीणबाई त्या फळ्यांकडे बघत राहिल्या. "तुझी खात्री आहे?"

"हो. मी दर आठवड्याला दुकानात जाते ना."

"तो एकेक खोकं घेऊन घरी यायचा," त्या म्हणाल्या, "आणि मी विचारायची, अजून कशाला? तर म्हणायचा, बघ, एक दिवस याला किंमत येईल. मी म्हणायची, सगळे नवरे असंच म्हणतात." त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. ही त्यांचा हात धरून बसली. मी उगाच वर जाऊन कॉफी करून आणली. त्या घरात कॉफी कुठे असते हे मला ठाऊक होतं, तेवढंच.

घरी येताना मी हिला विचारलं, "तुला मोह नाही झाला?"

"झाला ना. काहून नाही होणार? मी माणूस नाही का? कोपऱ्यातल्या त्या डब्यांकडे किती वेळा बघितलं मी." थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्याने मला जिथे बसून शिकवलं तिथेच बसून त्याच्या बायकोला फसवायचं? जमलं नसतं मला."

पुढचे शनिवार-रविवार ती त्याच तळघरात होती. सगळा माल तिने वेगळा लावला. दारूचा प्रत्येक डबा उघडून बघितला, कारण ती जुनी झाली की खराब होते आणि आंबूस वास मारायला लागते. असे डबे तिने विकायला ठेवलेच नाहीत. मास्तरीणबाई म्हणाल्या, "लोक म्हणे हेही घेतात," तरी नाही. मग दोघींनी मिळून भाव ठरवले. चिटोऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त, आजच्या दुकानापेक्षा बरेच कमी. विक्री क्लबाच्या हॉलमध्ये, आणि माणशी ठरावीक डब्यांपेक्षा जास्त कोणाला नाहीत. ती अट हिची. "नाही तर पहिलाच माणूस सारं उचलून नेईल, आणि बाकीचे पुन्हा गवतात पुंगळ्या शोधत बसतील."

विक्रीच्या सकाळी हॉलबाहेर दारं उघडायच्या आधीच रांग लागली होती. मास्तरीणबाई टेबलामागे बसल्या होत्या, क्लबाच्या त्या हॉलमध्ये आयुष्यात पहिल्यांदाच. विक्री सुरू होणार तेवढ्यात मोठा पिकअप घेऊन तो शेजारच्या गावातला माणूस आला. रांग ओलांडून सरळ टेबलाशी गेला आणि म्हणाला, "बाई, कशाला एवढा व्याप करताय? मी सगळं एकदम घेतो. रोख." आणि त्याने एक आकडा सांगितला.

मास्तरीणबाईंनी हिच्याकडे बघितलं. हिने मनात हिशेब केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्हा सगळ्यांकडून मिळून जेवढे येतील, त्यापेक्षा यांचा आकडा मोठा आहे. माल तुमचा आहे, तुम्ही ठरवा."

रांगेतला कोणीतरी मागून हळूच कण्हला. मलाही वाटलं, हे बोलायची काय गरज होती. पण ती तशीच उभी होती, हात टेबलावर ठेवून, चेहऱ्यावर काही नाही.

मास्तरीणबाईंनी त्या माणसाला विचारलं, "तुम्ही याचं काय करणार?"

"विकणार, बाई."

"केवढ्याला?"

"लोक जेवढे देतील तेवढ्याला." तो खोटं बोलला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं.

त्यांनी थोडा विचार केला. "माझा नवरा," त्या म्हणाल्या, "जन्मभर या भावांबद्दल कुरकुरत आला. त्याच्याच डब्यांनी मी ते आणखी वाढवले तर त्याला झोप लागणार नाही. तुम्ही रांगेत उभे राहा. तुम्हालाही मिळतील, जेवढ्या सगळ्यांना तेवढ्याच."

तो क्षणभर घुटमळला. मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि खरंच रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. आपल्या वाटणीच्या डब्या घेतल्या, पैसे दिले, आणि शेवटी टेबलं घडी करून आत ठेवायला आमच्याबरोबर हात लावला. त्याच्यामागे रांगेत सगळ्यांत शेवटी ही उभी होती. तिनेही ठरल्याप्रमाणेच घेतलं, एक डबी जास्त नाही. मास्तरीणबाईंना आलेल्या पैशांत त्यांच्या घराचं गळकं छप्पर विकण्याआधी नीट करून झालं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्या उन्हाळ्यात राज्यपातळीचा सामना होता. ही वर्षभर त्याची वाट बघत होती. तिच्याकडे सामन्यापुरती काडतुसं होती, चुकायला जादा एकही नव्हतं. मास्तरीणबाई आमच्याबरोबर आल्या, स्वतःची घडीची खुर्ची आणि मोठी हॅट घेऊन. "मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण त्याने इतकी वर्षं काय बघितलं ते एकदा बघते."

दुपारी वारा वाढला. मैदानावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी लाल निशाणं आधी डावीकडे फडफडली, मग एकदम पडली, मग उजवीकडे. आजूबाजूला भराभर गोळ्या सुटत होत्या. वेळ संपायच्या आत उरकायची घाई. ही मात्र गाल रायफलीला लावून पडून राहिली होती. निशाण पुन्हा डावीकडे वळेपर्यंत ती थांबली. मास्तरीणबाईंनी माझ्या कानात विचारलं, "ती झोपली तर नाही ना?"

"नाही. वाऱ्याची वाट बघतेय."

"आमच्याकडेही असंच असायचं," त्या म्हणाल्या. "बँड उभा, लोक बसलेले, आणि हा हात वर करून थांबलेला. मला वाटायचं विसरला की काय."

निशाण वळलं. तिने गोळी मारली. मग पुन्हा थांबली. तिचं शेवटचं काडतूस सुटलं तेव्हा वेळ जवळजवळ संपली होती आणि बाकीचे उठून अंग झटकत होते. निकाल लागला. ती तिसरी आली. पहिले दोघंही तिच्या निम्म्या वयाचे. पण त्या गुणांवर तिला वरचा वर्ग मिळाला, ज्याला इकडे मास्टर म्हणतात, आणि ज्यासाठी बँडमास्तरने तिच्या मागे किती वर्षं धोशा लावला होता.

मास्तरीणबाईंनी तिला मिठी मारली आणि म्हणाल्या, "बरं झालं तो नाही. असता तर आठवडाभर आपल्याला कोणाला बोलू दिलं नसतं."

त्यानंतर भाव थोडे खाली आले, पण थोडेच. दुकानातली भिंत भरली, गळ आपल्या जागी गेले. पूर्वीची किंमत मात्र परत आली नाही, आणि येईल असं आता कोणी म्हणतही नाही. मागच्या थँक्सगिव्हिंगला मुलगी घरी आली होती. ही टेबलावर दुकानाची पावती विसरली होती, ती तिने उचलून वाचली. "आई, सीरियसली? धिस मच? फॉर वन बॉक्स?"

"हो."

"व्हाय डोन्ट यू जस्ट स्टॉप? प्ले पिकलबॉल ऑर समथिंग."

ही पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "महाग झालं म्हणून मी कमी मारते. पण जी मारते ती नीट मारते. स्वस्त होतं तेव्हा मला हे येत नव्हतं."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर क्लबात गेली, कानावर आवाज अडवणारे मोठे मफ लावून, थंडीत कुडकुडत. मी हीटर लावून गाडीत बसलो होतो. त्या दोघी परत आल्या तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, शी डिडन्ट इव्हन शूट ऑल ऑफ देम. शी ब्रॉट सम बॅक."

"वारा बरोबर नव्हता," हिने सांगितलं, आणि उरलेली काडतुसं डबीत ठेवून सीटबेल्ट लावला.